चिवड्याचा डबा पाडला कोणी?

तन्वीर जादुई कपाटातून भूतकाळात गेला आणि त्याने स्वतःलाच कपाटात शिरू दिलं नाही. मग भूतकाळात गेला कोण?

हा प्रश्न टाकला आमच्या संकलक (चित्रपटाचे तुकडे जोडणारा) यंत्रमानवाने, खुट्टूने. स्नेहसंमेलन परवावर आलेलं. आमच्या कालप्रवासाच्या विनोदी चित्रपटाचा तिसरा, शेवटचा भाग तिथे दाखवायचा होता. दिग्दर्शक मी, म्हणजे नववीतली चार्वी. नायक माझा वर्गमित्र तन्वीर.

"प्रवासच झाला नाही तर सगळी संकटं टळतात. छान शेवट आहे की," मी म्हटलं.

"प्रवास झाला नाही, तर थांबवायला कोण आलं?" खुट्टू म्हणाला. "हा विरोधाभास आहे (एक गोष्ट खरी मानली की तीच खोटी ठरते). पाचवीची पोरं सोडायची नाहीत, ताई."

ती मला तशीही सोडत नव्हतीच. पहिल्या भागात कपाटामागून एक हात येतो, चिवड्याचा डबा बटणावर पडतो आणि कपाट तन्वीरला घेऊन उडतं. तो हात माझा. कॅमेऱ्यासमोर यायला घाबरायचे, म्हणून मागे लपून संवाद सांगत होते. चिवडा दिसला, हात गेला. तेव्हापासून माझं नाव चिवडाभूत.

"तेवढा शॉट काप ना रे."

"तो सगळ्यांनी पाहिलाय. घडलेलं कसं कापू?"

मी थबकले. "नकोच कापू. प्रवास थांबवायला आलेल्या माणसाचाच तो हात असला तर?"

"म्हणजे डबा बाजूला करायला गेला," तन्वीर म्हणाला, "आणि त्याच्याच धक्क्याने पडला?"

खुट्टूचे डोळे हिरवे झाले. "याला सुसंगती म्हणतात (सगळ्या घटना एकमेकींशी जुळणं). काही शास्त्रज्ञांना वाटतं, भूतकाळात जाता आलंच, तर तिथे तुम्ही जे कराल ते आधीच घडलेलं असेल. तुम्ही काही बदलत नाही. तुम्ही तिथे होतातच."

"पण खरंच जाता येतं?"

"अजून कोणालाच माहीत नाही."

अडचण एकच. त्या हातावर मेंदीचा वाकड्या चोचीचा मोर होता. तन्वीरने आपला केसाळ हात पुढे केला. "काढ मोर. जंगलात हरवेल बिचारा."

म्हणजे कॅमेऱ्यासमोर मलाच जायला हवं होतं. मी मावशीकडून तसाच मोर काढून घेतला, नायकाची बहीण झाले आणि गेले. जमलं. झकास जमलं.

संमेलनात हात दिसताच पाचवीवाले ओरडले, "चिवडाभूत!" मग पडद्यावर कपाटामागची बाजू आली. तिथे मी, थेट त्यांच्याकडे बघत. "अरे, मी डबा वाचवायलाच आले होते." सभागृह हसून हसून लोळलं.

नंतर पाचवीतली ऋजुता आली. "ताई, म्हणजे पहिल्या भागातही तू ही बहीणच होतीस?"

"आधीपासून."

"मोठी झाले की मी शोधणार, भूतकाळात जाता येतं का ते. आलं तर आजच्या दिवशी परत येणार." तिच्या डाव्या गालाला खळी पडली.

"मग तू आत्ता इथेच असायला हवीस," मी म्हटलं.

आम्ही दोघींनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत एक अनोळखी बाई चिवडा खात बसल्या होत्या. आमच्याकडे बघून त्या हसल्या. डाव्या गालाला खळी पडली.