भरून आलेली भेग

"मेलेल्या माणसाचा हात फिरतो तिच्यावर, असं आमचा शिपाई म्हणतो," उत्कर्षा म्हणाली आणि शिवानंदमामांना चहाचा ठसका लागला. भाचीनं, अक्षतानं, गुप्तहेरगिरीचा धंदा काढल्यापासून त्यांचा एकही चहा सुखानं झाला नव्हता.

उत्कर्षा एका खाजगी प्रयोगशाळेत रस्त्यांचं आयुष्य मोजायची. डांबर-खडीची हातभर तुळई यंत्रात धरायची, ती मोडेपर्यंत रात्रंदिवस वाकवायची. वरून ट्रक चाललेत असं समजायचं. ती किती वेगानं थकते, यावरून रस्ता कधी फुटेल याचं गणित मांडायचं.

"ही तुळई बसप्पाअण्णांच्या हातची शेवटची. आमच्या मालकांचे, महेश्वरसरांचे वडील, ते गेले. गणितानं ती केव्हाच मोडायला हवी होती. पण दर सोमवारी दुपारी मी साइटवरून येते, तर पुन्हा धडधाकट! कुणीतरी बदलतंय, ताई. सर म्हणतात, आज संध्याकाळी हे मिश्रण पास कर, नाहीतर घरी बस. पास केलं तर मोहोळचा रस्ता ह्याच मिश्रणाचा होणार. फुटला तर माणसं मरतील हो!"

"सोमवार आजच की," म्हणत अक्षतानं चपला घातल्या.

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळची ती पत्र्याची खोली नुसती भाजत होती. ठक... ठक... कुणीतरी पाठीमागून चालत येतंय असा यंत्राचा आवाज. मामांनी दोनदा वळून पाहिलं. सगळीकडे धूळ, फक्त कोपऱ्यातला पूजेचा पाट लख्ख. यंत्राची काचपेटी गार असायला हवी, ती कोमट लागली.

"मामा, भेगा दिसाव्यात म्हणून तुळईला पांढरा रंग दिलाय. काय दिसतं?"

"रंगात केसाएवढी रेघ. पण तिच्यातून दिसणारं डांबर सलग आहे की गं!" मामा दोन पावलं मागे सरले.

अक्षतानं भिंतीवरच्या, फक्त याच खोलीच्या मेन स्विचवरून बोट फिरवलं. विभूती.

शिपाई मल्लप्पा उंबऱ्याबाहेरच उभा होता. "तो पाट अण्णांचा. सोमवारी सकाळी ठोकं थांबत्यात, आतनं इबुतीचा वास येतोय. लई भ्या वाटतंय. मी न्हाय जात आत."

शेजारच्या खोलीत तुळया बनवणारा पृथ्वीराज वैतागला. "बदलायची तर मलाच जमेल, कबूल! पण सकाळपासून मी ओव्हनपाशी आहे. क्षणभर बंद पडला असता तर सगळा माल वाया गेला असता."

महेश्वर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "सोमवारी सकाळी लाइट जाते, यंत्र थांबतं. आजही गेली. एवढंच! पोरीचं गणित चुकलंय."

अक्षतानं सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं. मल्लप्पा दारातच राहिला.

"तुळई कुणीच बदलली नाही. नवी असती तर रंग कोरा असता. डांबराला विसावा आणि ऊब मिळाली की बारीक भेगा आपोआप मिटतात. रंगाच्या मिटत नाहीत. मेन स्विच पाडला की ठोके थांबतात, पेटीचा गारवाही जातो. पुढचं काम सोलापूरच्या उन्हात तापलेला हा पत्रा करतो."

"पण लाइट..." मामा म्हणाले.

"गेलीच नव्हती, मामा. शेजारचा ओव्हन चालूच होता. हे खोटं एकाच माणसानं सांगितलं. स्विचवरची विभूतीची बोटं तुमची, सर. पाटही तुम्हीच पुसता."

महेश्वर जाऊन पाटावर बसले.

"लिंगपूजेत खटखट नको म्हणून अण्णा सोमवारी यंत्र बंद ठेवायचे. ते गेल्यावर मीही ठेवलं. उठून बघतो, तर मरायला टेकलेली तुळई सावरलेली! वाटलं, अण्णाच आले. मग ते सोडवेना हो. ती मोडली की अण्णांचं काही उरणार नव्हतं."

अक्षताचा आवाज मऊ झाला. "पण रस्त्याला सोमवार नसतो, सर."

त्यानंतर यंत्र थांबलं नाही. महेश्वर तिथून हलले नाहीत. बुधवारी दुपारी तुळई तुटली, पांढऱ्या रंगावरच्या त्याच रेघेवर.

"मोहोळचं काम मी थांबवतो," ते उत्कर्षाला म्हणाले. "तू बरोबर होतीस, पोरी."

त्यांनी स्विच पाडला. खोली एकदम गप्प झाली. मल्लप्पा पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आला आणि त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिला.

"साहेब, मग आता अण्णा यायचे न्हाईत व्हय?"

महेश्वरांनी दोन्ही तुकडे छातीशी धरले. मामांना त्यांच्याकडे बघवलं नाही.