अकराची शीळ

"नदीवरची मोटार दहाला बंद कर. अकराची वाट बघू नकोस," दानेश्वरीने राजवीरला बजावलं. "शीळ अकरालाच वाजली तर अज्जा. दहाला वाजली तर दुसरंच कायतरी."

राजवीर नदीकडे पळाला. तो आणि त्याची बहीण अनुजा पेठ वडगावहून सुट्टीला दानेश्वरीच्या शेजारच्या शेतातल्या अमरसिंहकाकांकडे आले होते.

आठ दिवस झाले, रोज सकाळी अकराला लाईट जाऊन मोटार थांबली की दानेश्वरीच्या उसातून लांबलचक शीळ यायची. पाणी पुढच्या सरीत वळवायचं झालं की तिचे आजोबा, चनबसाप्पा अज्जा, हुबेहूब अशीच शीळ घालायचे. अज्जांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची समाधी शेताच्या कोपऱ्यात होती, आणि शीळ तिथूनच येत होती.

अज्जा दरवर्षी ऊसतोडणी झाली की वाळक्या पानांचं पाचट पेटवायचे. पण हल्लीचे उन्हाळे पीकच भाजून काढतात, म्हणून यंदा शांतव्वा आजीने हट्टाने ते सरीत अंथरलं. आसपासच्या शेतांतले उसाचे फुटवे पिवळे पडले, यांचे हिरवेगार राहिले. तरी शीळ ऐकून दानेश्वरीच्या वडिलांचा, महांतेशअप्पांचा, धीर सुटला. "अज्जाला पटलेलं न्हाय हे. आज दुपारी समदं पाचट ओढून बांधावर पेटवतो," ते म्हणाले होते. दानेश्वरीला अज्जांची भीती वाटत होती, आणि त्यांच्याच आठवणीने रडूही येत होतं.

दहा वाजले. वारा पडलेला होता. आणि समाधीच्या पायथ्याशी शीळ वाजली.

अनुजाने डोळे गच्च मिटले. दानेश्वरीही एक पाऊल मागे सरली. पण अज्जांनी जन्मात कधी वेळ चुकवली नव्हती! ती गुडघ्यावर बसली आणि पाचट बाजूला सारू लागली. खाली पाइपलाइनचा हवेचा व्हॉल्व्ह होता, फुटलेला, ट्यूबच्या रबराने आणि निळ्या दोरीने करकचून बांधलेला. मोटार थांबली की पाणी मागं पळत होतं आणि त्या फटीतून हवा आत ओढली जाऊन शीळ वाजत होती.

"ही निळी दोरी काकांच्या ट्रॅक्टरवरची हाय," अनुजा हळूच म्हणाली.

दुपारी अप्पा पाचट ओढायचं दाताळं घेऊन आले, तेव्हा तिघांनी अमरसिंहकाकांना तिथंच उभं केलं होतं.

"ट्रॅक्टर वळवताना चाक लागलं, महांतेश," काका मान खाली घालून म्हणाले. "सांगणारच हुतो. पर तुम्ही अज्जाचं नाव घेतलंसा, मग माझी जीभच रेटंना."

आजीने पाचटाखालची मूठभर माती अप्पांच्या हातावर ठेवली. ती गार होती, ओली होती. अप्पांनी दाताळं खाली टाकलं. "पोरांनी शेत वाचिवलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवा व्हॉल्व्ह बसवला. अकराला लाईट गेली आणि शेत गप्प राहिलं. आजी समाधीपाशी कान देऊन बसली होती. तिचा चेहरा दानेश्वरीला बघवेना.

मग दानेश्वरीनेच ओठांचा चंबू केला आणि अज्जांची शीळ घातली, लांबलचक.

उसातले अप्पा दचकून उठले. आजीने मात्र डोळे पुसले. "व्हय, अशीच," ती नातीला म्हणाली. "उद्याबी अकरालाच ये."