खिडकीपाशी वाचणारी

दिवा जरा जवळ घ्या, मला हल्ली कमी दिसतं. खिडकीपाशी वाचणाऱ्या बाईचं ते चित्र तुम्ही पॅरिसला पाहिलंत म्हणता. ती मीच. गालात का हसताय तेही मला ठाऊक आहे. तेव्हा मला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आन्सेल्मशी मी लग्न केलं ते त्याच्या एका शब्दावर. "झेली, तू चित्रासाठी बस, मी तुला वाचायला शिकवतो." सबंध हिवाळा मी ते जाड पुस्तक मांडीवर धरून बसले. "आता शिकव ना," म्हटलं की म्हणायचा, "हलू नकोस, उजेड जाईल." एकदा नोटरीची बायको चित्र बघायला आली आणि मला म्हणाली, "काय गं, बरंच वाचून झालं वाटतं!" आन्सेल्म हसला. मीही हसले, वेडी.

पुढे मला ताप आला. त्यानं माझा निळा झगा चित्रांच्या खोलीतल्या लाकडी पुतळीला चढवला आणि ते पुस्तक तिच्या हातात दिलं. माणसाएवढी पुतळी, बोटांचे सांधेसुद्धा वळायचे. बायको आजारी पडली म्हणून काम थोडंच अडणार!

त्या दुपारी तो चौकट आणायला सुताराकडे गेला होता. घर गप्प होतं, जवसाच्या तेलाचा वास अंथरुणापर्यंत येत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला... हळू, अडखळत... वाचणारा. माझ्या अंगाची आग झाली. मेल्यानं दुसरीला आणून बसवलंय, माझे धडे तिला देतोय!

भिंत धरत धरत गेले. दार ढकललं आणि आवाज थांबला. आत फक्त पुतळी होती. पुस्तकाच्या कोपऱ्यावरचा मेणाचा डाग माझ्या हातात नेहमी खाली असायचा. आता तो वर होता.

आन्सेल्म आल्यावर मी विचारलं, "पुस्तक तू फिरवलंस?"

"छे! तू धरायचीस तसंच ठेवलं होतं." तो जवळ आला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे... सुलट कोणी केलं?"

"सुलट? म्हणजे मी... सगळा हिवाळा..."

"रागावू नकोस. मी दिसतं तेच रंगवतो. लोक हसतील, पण विसरणार नाहीत."

"आणि मला शिकवणार होतास ते?"

"शिकली असतीस, तर चित्र राहिलं असतं का?"

एवढं बोलून तो सूप प्यायला गेला. ज्याच्यावर विसंबले, त्यानंच केसानं गळा कापला. मी तिथेच बसून पोटभर रडले. मग दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्या पुतळीलाच म्हटलं, "तू तरी शिकवशील?"

तिचं बोट... हळूच... खाली आलं आणि पहिल्या अक्षरावर टेकलं. घाबरून मी ते मुठीत धरलं. कोमट होतं हो!

वाचायला शिकले मी, सगळं शिकले. पण माझं हे बोट बघा, तेव्हापासून वाकत नाही. घाबरू नका... जरा टिचकी मारून ऐका.