कपाटावरचं छत

सत्य नमुन्यात असतं, असं आमचे थोरले मेव्हणे छातीठोकपणे सांगत. नमुना मात्र शिडी जिथे सहज उभी राहील तिथलाच घेत.

ही गोष्ट खरी आहे. मेव्हणे थापा मारत नाहीत. तेवढी कल्पनाशक्ती त्यांच्यात नाही.

जुन्या इमारतींत ॲस्बेस्टॉस शोधणं हे त्यांचं काम. त्याची धूळ छातीत गेली की बऱ्याच वर्षांनी आजार होऊन डोकं वर काढते.

रविवार. दुपारचे तीन. एका ऑफिसचा रिकामा तिसरा मजला.

सोमवारी इलेक्ट्रिशियन तिथल्या छताला भोकं पाडणार होते. पुढे त्याच छताखाली चाळीस माणसं बसणार होती.

"जुना रिपोर्ट आहे ना साहेब, सगळं ठीक म्हणून," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही नुसती सही ठोका."

मेव्हण्यांना तिथेच संशय आला.

मॅनेजर खाली गेला. त्यांनी दाराजवळ शिडी लावली, मास्क चढवला. खरवडण्याआधी जागा ओली करायची, म्हणजे धूळ उडत नाही. पण शिडीपाशी ठेवलेली पाण्याची बाटली जागेवर नव्हती.

आणि मागे कोणीतरी... खोकलं.

मॅनेजरचाच चावटपणा. त्यांनी बाहेर डोकावलं.

पॅसेज रिकामा.

मास्कच्या आत आपणच खोकलो की काय, म्हणून त्यांनी एकदा खोकून पाहिलं. आवाज वेगळा होता.

मग... टप. टप.

पार टोकाला, लोखंडी कपाटाच्या वर, छतावर वाटीएवढा ओला डाग. बाटली कपाटावर. भोवतीच्या धुळीत बोटाचाही ठसा नाही.

"कोण आहे?"

छताच्या आतून... खोकला आला.

पळावंसं वाटलं. पण पळालो तर उद्या जुनाच रिपोर्ट पुढे होणार. त्यांनी दाराजवळचा आणि कपाटावरचा, असे दोन्हीकडचे नमुने घेतले.

खाली येऊन विचारलं, "जुना रिपोर्ट कोणाचा?"

"एक म्हातारे होते. त्यांनीही दाराजवळच शिडी लावली होती. खोकायचे फार. त्याच वर्षी गेले."

मेव्हण्यांनी सही केली नाही. निकाल येईपर्यंत मजल्याला कुलूप लावायला लावलं. मॅनेजरने आठवडाभर फोन उचलला नाही.

निकाल आला. दाराजवळचा नमुना स्वच्छ. तिथली छताची शीट कधीतरी बदललेली होती.

कपाटावरच्या नमुन्यात... ॲस्बेस्टॉस.

त्या संध्याकाळी मॅनेजरचाच फोन. आवाज एकदम मवाळ.

"मजला बंदच ठेवतो साहेब. कुलूप काढायलाही कोणी धजत नाही. आतून..."

"खोकला?"



"तुम्ही उद्या बाकीच्या तपासणीला येणारच आहात ना? माझा चष्मा आत टेबलावर राहिलाय. येताना तेवढा घेऊन या."