खिडकीजवळचं वजन

वाल्पाराइसोच्या टेकडीवरची जुनी लाकडी घरं पुढचा भूकंप सोसतील का, ते ग्रिसेल्दा कॉम्प्युटरवर तपासायची. या खेपेचं घर एल्विराबाईचं होतं, सगळ्यांच्या दोन्या एल्विराचं. अहवाल वाईट निघाला, तर म्हातारीला घर सोडावं लागणार होतं.

मापं घ्यायला ती गेली, तेव्हा जिना पायरीगणिक कुरकुरला होता. "या जिन्यावरून मांजरसुद्धा चोरून जाऊ शकत नाही, पोरी," एल्विरा हसली होती.

"वजन हळूहळू चढव हं," ऑफिसात शेजारच्या टेबलावरून म्हातारा निबाल्दो म्हणाला. "मागं एकदम टाकलंस, तर भूकंपाआधीच घर क्वेका नाचायला लागलं होतं."

"माहितीय, आजोबा."

तिनं कॉम्प्युटरवरच्या घराचं वजन सावकाश चढवलं, मग शेवटपर्यंत तेवढंच धरून ठेवलं. आता आलेखाची रेघ सपाट हवी. सगळीकडे ती होतीही. फक्त माडीवरच्या खिडकीजवळची तुळई खाली-वर होत होती. संथपणे, कुणी झुलत्या खुर्चीत बसावं तशी. भूकंप तर तिनं अजून दिलाच नव्हता. आकडे पुन्हा भरले. रेघ डुलतच राहिली.

"एक माणूस बसव तिथं," निबाल्दो दुपारचा पाव चावत म्हणाला. ऑफिसची ही जुनी खोड. कुठली तुळई ऐकेना, की तिच्यावर एका माणसाचं कायमचं वजन टाकून बघायचं. कुणाचं तरी हवं, म्हणून ग्रिसेल्दानं स्वतःचंच टाकलं. पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत, न बदलणारं.

रेघ सपाट झाली. भूकंप दिला, तरी घर उभं राहिलं.

संध्याकाळी ती आनंदाची बातमी घेऊन गेली. ऐकून एल्विरानं तिचा हात नुसता धरून ठेवला.

"वर यांची खुर्ची झुलायची," ती म्हणाली. "हे गेल्यापासून, रोज. आज दुपारी थांबली."

"मग बरंच झालं की, दोन्या एल्विरा."

"बरं कसलं? रिकामी खुर्ची अशी थांबत नाही गं."

"बघून येते," ग्रिसेल्दा म्हणाली.

खुर्ची खिडकीजवळ होती. वेताची बैठक खोल दबलेली.

तिनं पाठीला हात लावून ढकललं.

खुर्ची हलली नाही.

ती खाली आली. स्वयंपाकघरात एल्विरा पाठमोरी, चहा ओतत होती.

"वर बघून येते म्हणालीस ना?" मागं न बघता ती म्हणाली. "जिना अजून वाजला नाही."