फुटाण्याचा डाव

गंधशास्त्र प्रयोगशाळेतल्या स्टीलच्या टेबलावर फुटाणा मुकाट उभा होता. डॉ. शाहीन मुलाणी त्याच्या नाकाशी एकेक कापसाचा बोळा धरत होती. शेजारच्या जनार्दनकाकांच्या वासाचा बोळा आला तशी त्याची शेपटी हलली. मांजराच्या बोळ्यावर तो गुरगुरला. तिसरा बोळा ऋतुजा धोंगडेच्या मनगटावर घासलेला होता. तो हुंगून फुटाण्याने जांभई दिली.

ऋतुजाने तोंड फिरवले. फुटाणा तिचाच कुत्रा. चौदा महिने चांद्रतळावर पाण्याच्या नळ्या दुरुस्त करून ती परवाच घरी परतली होती. तळावर आणखी दोघे होते, पण पाळ्या वेगळ्या. आठवडाआठवडा माणसाचे तोंड दिसत नसे. तेव्हा ती एकच चित्र डोळ्यांसमोर आणायची: घराचे दार उघडेल आणि फुटाणा अंगावर झेपावेल. दार उघडले खरे, पण फुटाणा तिला ओलांडून मागे उभ्या असलेल्या, इतके महिने त्याला सांभाळणाऱ्या काकांकडे गेला.

पूर्वी ऋतुजा आणि फुटाणा या जोडीचे खेळ साऱ्या सोसायटीला पाठ होते. चेंडू, टायरमधून उडी, टेकडीवरची शर्यत. पण सर्वांत लाडका खेळ लपाछपीचा. ऋतुजा लपायची आणि फुटाणा हुंगत शोधायचा: आधी पडदा, मग कपाट, मग जिन्याखालचा कोनाडा. ती सापडली की राज्य तिच्यावर. मग स्वारी धावत जाऊन पडद्यामागे लपायची. दरवेळी त्याच पडद्यामागे, आणि दरवेळी शेपटी बाहेर. ऋतुजाही घरभर शोधल्याचे नाटक अगदी मन लावून करायची.

"घोळ माझ्या गंधदीपाने केलाय," शाहीन म्हणाली. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी.

गंधदीप ही शाहीनचीच निर्मिती. कुत्र्याचे घड्याळ नाकात असते, हा तिचा सिद्धांत. घरातले माणूस बाहेर गेले की त्याचा वास विरत जातो आणि तो किती विरला यावरून कुत्र्याला कळते की किती वेळ लोटला. म्हणून तिने ऋतुजाच्या घामाच्या रेणूंवरून हुबेहूब तिचा वास बनवला. यंत्र तो घरात अखंड, एकसारखा सोडत राहिले. घड्याळ थांबले. फुटाणा एक दिवसही झुरला नाही.

"मग बिघडलं कुठे?" ऋतुजाने विचारले.

"कुठेच नाही. तेच तर. जे कायम असतं, त्याची वर्दी नाक देतच नाही. तुझ्या स्वयंपाकघराचा वास पाहुण्याला येतो, तुला येतो का? मी याला घ्राणविस्मृती म्हणते. चौदा महिने तू क्षणाचाही खंड न पडता घरात होतीस. त्याच्या जगात बिनवासाची एकच बाई आहे, ती तू."

फुटाण्याच्या डोळ्यांचा उपयोग नव्हता, दोन्हींत मोतीबिंदू. आवाजही वाया गेला होता. चंद्रावरून रोज संध्याकाळी ती घरातल्या ध्वनिक्षेपकावरून त्याच्याशी बोलायची. या आवाजामागे माणूस नसते, हे तो केव्हाच शिकून बसला होता.

उपाय शाहीनने चाचरतच सांगितला. गंधदीप बंद करायचा, घर धुऊन काढायचे आणि ऋतुजाने पुन्हा निघून जायचे. तिची उणीव त्याला जाणवेपर्यंत.

"तेरा वर्षांचा आहे तो. हा हिवाळा काढला तरी पुष्कळ, असं त्याचे डॉक्टर म्हणतात. आणि मी त्याला झुरायला लावू?"

"झुरल्याशिवाय ओळख परत यायची नाही, ऋतुजा."

ऋतुजाने समोरच्या इमारतीत खोली घेतली आणि घरातल्या कॅमेऱ्यावर डोळे लावून बसली. तिला पुन्हा चंद्रावर गेल्यासारखे वाटत होते. फरक इतकाच की आता घर खिडकीतून दिसत होते. पहिला आठवडा फुटाणा मजेत होता. दहाव्या दिवशी त्याने अर्धी भाकरी तशीच ठेवली. चौदाव्या दिवशी काकांनी टाकलेला चेंडू हुंगलाही नाही. ऋतुजाने चपला घातल्या, पण शाहीनने फोनवरून अडवले. आत्ता गेलीस तर सगळे मुसळ केरात, असे तिने बजावले.

सतराव्या दिवशी दुपारी फुटाणा उठला. त्याने पडद्यामागे नाक घातले. मग कपाट हुंगले. मग जिन्याखालच्या कोनाड्यात बराच वेळ डोके खुपसून उभा राहिला. शेवटी दाराशी येऊन बसला आणि हलेना.

"जा," शाहीन फोनवर म्हणाली.

ऋतुजा अनवाणीच धावली. दाराच्या फटीतून हुंगण्याचा आवाज येत होता. दार उघडून ती खाली बसली. फुटाण्याने तिची पावले हुंगली, तळवे हुंगले, कानामागे ओले नाक टेकवले. शेपटी हलली. चौदा महिने जपून ठेवलेल्या झेपेची वाट पाहत ऋतुजाने हात पसरले.

फुटाणा मात्र वळला आणि आखडलेल्या पायांनी, जमेल तेवढ्या वेगाने, आत पळाला.

तिला आधी काहीच उमगेना. मग लख्ख समजले. त्याच्या नाकाच्या हिशेबी ते चौदा महिने झालेच नव्हते. ती सतरा दिवस लपली होती आणि आता सापडली होती, एवढेच. चंद्रावरचा तो सारा एकटेपणा तिचा एकटीचा होता. त्यात वाटेकरी कोणी नव्हता.

आतल्या खोलीत पडद्याखालून शेपटी बाहेर आली होती.

ऋतुजाने डोळे पुसले. "कुठे बरं गेला हा फुटाणा," ती मोठ्याने म्हणाली आणि आधी कपाट उघडून पाहिले.