दोघंही बाकावर

सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. होटगी रोडवरच्या एका व्यायामशाळेत मृत्युंजय नावाचा एकतीस वर्षांचा तरुण शिरला आणि पहिल्याच वाक्यात खोटं बोलला.

समोर वैजयंती उभी होती. हातांत छोटे डंबेल्स, केस घट्ट बांधलेले. ही बॅच रक्तदाबाच्या पेशंटची. बाकी सगळे साठीपुढचे. तीच ट्रेनर असणार, असं त्याला वाटलं.

"मॅडम, आईला घालायचंय इथं. आधी बघून घ्यावं म्हटलं... जमेल का ते."

मी ट्रेनर नाही, असं तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एकोणतिसाव्या वर्षी बीपीची गोळी चालू आहे, हे अनोळखी माणसाला – त्यातही असं सरळ डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला – सांगायचं तिच्या जिवावर आलं. अकलूजचं एक स्थळ या गोळीपायीच मोडलं होतं.

"जमतं की," ती म्हणाली. "वजन हलकं घ्यायचं. उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. कोंडायचा नाही. कोंडला की बीपी उसळतं."

त्यानं डंबेल्स घेतले, उचलले. चेहरा लाल झाला.

"श्वास कुठं ठेवलात?"

"घरी राहिला वाटतं... तुम्ही बघायच्या थांबलात तर सापडेल."

ती हसली. तेवढ्यात चन्नवीर सर आले. निवृत्त पीटी शिक्षक, बॅच त्यांचीच. व्यायामाआधी प्रत्येकाचा दाब मोजायचा आणि हजेरी घेतल्यासारखा आकडा मोठ्यानं वाचायचा, ही त्यांची पद्धत. ज्याचा आकडा जास्त, त्याला त्या दिवशी व्यायाम नाही. खिडकीजवळचा बाक.

"वैजयंती, एकशे चौसष्ट. गोळी चुकली काय? बाकावर."

ती मान खाली घालून बाकावर जाऊन बसली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"आणि तुम्ही?"

"मी आईसाठी आलोय..."

"आई कुटंय?"

मृत्युंजयनं मुकाट्यानं हात पुढं केला.

"एकशे बहात्तर. बाकावर. आईला सांगा, पोराला डॉक्टरकडं ने म्हणून."

दोन आजोबा मनसोक्त हसले. मृत्युंजय बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसला.

"मॅडम, तुम्ही ट्रेनर नाही," तो पुटपुटला.

"तुम्ही आई नाही."

सुरुवात ही अशी झाली. डॉक्टरांनी दोघांच्या गोळ्या बदलल्या, सरांनी हलक्या वजनानं व्यायाम लावून दिला. आकडे हळूहळू उतरले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. मोजणीआधी दोघं बोलत बसतात म्हणून सरांनी त्यांना बाकाच्या दोन टोकांना बसवलं.

"सरांना वाटतं, बोलल्यानं वाढतंय," तो हळूच म्हणाला. "तू दारातनं आलीस की वाढतंय... हे कसं सांगू त्यांना?"

"डॉक्टरांना सांग. गोळी वाढवतील."

"तूच सांग की. लाजतेस काय?"

ती लाजतच होती. पण ती लाज वेगळी होती, आणि तिला आवडत होती.

डिसेंबरात यात्रेचा सराव सुरू झाला. सिद्धेश्वरांच्या मिरवणुकीत कमरेच्या पट्ट्यात नंदीध्वजाची जड, उंच काठी तोलून चालायचं असतं. मृत्युंजयच्या घरात तो मान सिद्धूकाकांकडं होता; यंदा तो पुतण्याकडं येणार होता. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं – आकडा खाली येऊन टिकल्याशिवाय नाही. घरी मात्र त्यानं बीपीच सांगितलं नव्हतं.

"मानाच्या पोराला म्हाताऱ्यांचा आजार म्हणतील गं," तो म्हणाला. "श्वास सोडत उचलतो की मी. तूच शिकवलंस."

"दोन किलोचं डंबेल आणि नंदीध्वज सारखं नाही, मृत्युंजय. गर्दीत घेरी आली तर काठी कुणावर पडेल?"



शनिवारी संध्याकाळी ती बाळीवेशीत सराव बघायला गेली. त्यानं काठी तोलली. मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ मिटलेले. श्वास कोंडलेला होता. काठी खाली घेतल्यावर तो घामाघूम होऊन तिच्याकडं आला, मागोमाग काका.

"ह्या कोण?"

"जिमच्या ट्रेनर आहेत, काका."

तिचंच खोटं. त्याच्या तोंडी ते तिला चटका देऊन गेलं.

"मी ट्रेनर नाही," ती म्हणाली. "मला बीपी आहे. मृत्युंजय माझ्याच बॅचला असतात. डॉक्टरांनी त्यांना हे उचलू नका म्हणून सांगितलंय."

काकांनी पुतण्याच्या कमरेचा पट्टा सोडला. पायरीवर उभी असलेली त्याची आई कधी लेकाकडं, कधी तिच्याकडं बघत राहिली. मृत्युंजयनं मान वर केली नाही.

परतताना रिक्षात वैजयंतीला रडू आलं नाही, शरम वाटली. गुपित त्याचं होतं. ते चारचौघांत तिनं फोडलं. पुन्हा वेळ आली तर ती तेच बोलली असती, आणि तरीही शरम कमी होत नव्हती.

तो बॅचला यायचा बंद झाला. तिचे फोन त्यानं घेतले नाहीत.

यात्रेच्या आधीच्या शुक्रवारी तो आला. दाढी वाढलेली. बाकावर तिच्या शेजारी बसला, टोकाला नाही.

"राग आला होता," तो म्हणाला. "तुझा... असं वाटत होतं. माझाच होता. तुला ट्रेनर म्हणालो ते माझी लाज झाकायला, वैजू. त्यात तुलाही झाकलं."

"मीही असं चारचौघांत..."

"दुसरं कुठं ऐकलं असतं मी?" तो थांबला. "आईला काल माझ्या तोंडानं सगळं सांगितलं. मला बीपी आहे, वैजूलाही आहे. आणि... मला तीच पाहिजे."

तिला त्याच्याकडं बघवेना. "काय म्हणाल्या?"

"आधी माझ्या गोळ्या बघितल्या. मग म्हणाली, दोघंही गोळीवाले, पुढं कसं व्हायचं रे? रात्रभर नीट झोपली नाही ती. सकाळी विचारलं, भोगीच्या जेवणाला येती का ती... आणि भाजीत मीठ किती चालतं तिला?"

काकांनी यंदाचा नंदीध्वज कुणाकडं द्यायचा, ते अजून सांगितलेलं नाही. पुतण्याशी ते बोलत नाहीत. आईनंही होकार दिलेला नाही. जेवायला बोलावलं आहे, एवढंच. वैजयंतीनं त्याच्या आईला फोन लावला. दोन रिंग वाजल्या, पलीकडून "कोण?" अशी विचारणा झाली, आणि तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं.